तात्यांचा रिपोर्ट

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. चहा घ्या, आणि मग हवं तेवढं हसा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला हॅम रेडिओचा नाद. म्हणजे घरबसल्या वायरलेसवर गप्पा मारायच्या, रीतसर लायसन्स काढून. रोज सकाळी नाशिक-निफाडचे आम्ही हौशी एकाच चॅनेलवर जमायचो. निफाडचे तात्या, द्राक्षबागाईतदार, आमचे पुढारी. मी तोंड उघडलं की म्हणायचे, "तुमचा आवाज रांजणातून आल्यागत येतो." सगळ्यांसमोर, रोज! माणसानं किती ऐकून घ्यायचं?

म्हणून मी माईकसाठी नवाकोरा स्विच बॉक्स बनवला. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, सोडलं की ऐकायचं. आपलं बोलणं बाहेर जात असेल तोवर लाल दिवा पेटणार, ही खास माझी करामत.

रविवारी बायकोला शेजारी बसवलं आणि बटण दाबलं. "तात्या, नवा बॉक्स आहे. आवाज कसा येतोय? ओव्हर." बटण सोडलं.

कोणी बोलेचना.

"परत विचारून बघा," बायको म्हणाली.

"मी का विचारू? जळतात मेले. आणि तात्या कसले पुढारी? एरियल बांधलंय द्राक्षाच्या मांडवाला. त्यांना आवाजातलं काय कळतंय?"

"अहो, तो लाल दिवा अजून लागलाय."

"लागू दे की. त्यासाठीच बसवलाय. सुरेख दिसतो की नाही?"

तेवढ्यात फोन वाजायला लागला. मी तिला उचलूच दिला नाही. आधीच डोकं फिरलेलं, त्यात पोह्यांत मीठ नाही. पोह्यांवरून मी तिच्या भावावर घसरलो. त्याचं लग्न, त्याची स्कूटर, त्यानं नेलेली माझी छत्री, सगळं काढलं. फोन आपला वाजतोच आहे. शेवटी तीच उठली.

"निफाडहून तात्या आहेत," तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"भाऊ, त्ये बटण परत एकदा दाबा बरं. तुमच्यामुळं आमाला कोनालाच बोलता येत नाय. नुसतं ऐकून राह्यलोय समदे."

दाबलं. लाल दिवा विझला आणि रेडिओतून पाच-सहा जणांचं हसू घरात आलं.

दुकानदारानं मला टेबललॅम्पचं बटण दिलं होतं. एकदा दाबलं की चालू, परत दाबेपर्यंत बंद व्हायचं नाव नाही. आता मला सांगा, दिवा लावायचाय की रेडिओ, हे गिऱ्हाइकाला विचारायला नको? माझं सांगायचं राहिलं असेल, पण दुकान कोणाचं?

रिसीव्हर अजून हातातच होता. आणि लाज गुंडाळून ठेवून मी विचारलंच, "तात्या, पण आवाज कसा होता?"

"लय स्वच्छ. मीठ कमी हाय, त्ये बी इथवर कळलं. मांडवावरचं एरियल झ्याक चालतं आपलं." आणि वर म्हणाले, "वहिनींचा आवाज तर त्याहून स्वच्छ. त्या दिव्याचं सांगत व्हत्या ना, आमाला निफाडला ऐकू आलं."