बंद दाराआडचा चहा

पंचायतीत दार बंद करून वकिलाचा सल्ला घ्यायचा असला, की शिपाई कृष्णनाथाची छाती दोन बोटं वर यायची. बाहेर तिष्ठणाऱ्यांना तो ऐकवायचा, "आत गर्भकूड हा. भट नि देव, बस्स. तुमी तीर्थाची वाट बघा!" आणि किटली घेऊन आपण एकटाच आत-बाहेर करायचा. चहा धारगळच्या हमरस्त्यावरच्या गाड्यावरचा. गाडा त्याच्याच बायकोचा, वत्सलेचा. कृष्णनाथाची नोकरी कंत्राटी. पगार म्हणजे श्रावणातलं ऊन, पडलं तर पडलं. घर चालायचं ते वत्सलेच्या भजी-पावावर.

त्या दिवशी विषय होता रस्त्याकडेची बेकायदा बांधकामं. कोर्टाने पंचायतीचे कान उपटले होते. बांधकाम म्हणजे कोणाचं हॉटेल, कोणाचं गोदाम, अशी कृष्णनाथाने मनाची समजूत घातली होती. वत्सलेचा गाडा म्हणजे चार वासे नि वर पत्रा, त्याला बांधकाम म्हणणारा वकील अजून जन्माला यायचा होता.

तो जन्मून पणजीहून आला होता.

कृष्णनाथ किटली घेऊन आत गेला आणि बोलणं तुटलं. सरपंच सुमंगलाबाई पंख्याकडे बघू लागल्या. किटली दिसताच "पयलो माका रे!" म्हणून ओरडणारे पंच बाबाजी चष्मा पुसत बसले.

"ठेव थंय, आमी घेतो," सुमंगलाबाई म्हणाल्या. "आणि कृष्णनाथा, दार नीट ओढून घे हां."

बाहेर कोणीतरी डिवचलंच, "काय रे भटा, आज तूय भायर?"

त्याने ओढलेलंच दार पुन्हा एकदा ओढून बघितलं.

बैठक सुटली. पंचांनी मान खाली घालून स्कूटरी चालू केल्या. वकील तेवढा थांबला. "चहा फक्कड होता हो! कुठून आणता?"

"हंयच, जवळच," कृष्णनाथ म्हणाला.

आत टेबलावर एकच पेला उष्टा, बाकीचे कोरडे. डोंगर कापायचा विषय असो की कोणाचं घर पाडायचा, पंचांनी चहा कधी सोडला नव्हता. पण जिचा गाडा उठवायचं ठरवलं, तिच्याच हातचा घोट गळ्याखाली कसा उतरणार?

गाड्यावर वत्सलेने धुवायला किटली उचलली, तर हात ओझ्याने खाली गेला. "भरलेलीच परत हाडली? कोण इलेच नाय?"

"सगळे इले."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हात लांबवून तिने शेगडी बंद केली. कढईतली भजी अजून कच्ची होती.