बर्फवाल्याच्या मागची जागा

थोरली आणि धाकटी या दोघी बहिणी एकाच मशीनवर पोट भरायच्या. थोरली कापायची, शिवायची. धाकटी काजं-बटणं करायची आणि दिवसभर बडबडायची. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत दोन खाटा आणि स्टोव्ह. थोरलीचा नवरा गेला तेव्हा धाकटी आपली ट्रंक घेऊन आली आणि 'चार दिवस राहते' म्हणता म्हणता कायमची राहिली. तिला स्वच्छतेचं भारी वेड. गिऱ्हाईक पायरी उतरतं न उतरतं तोच ही फडकं घेऊन खुर्ची पुसायला हजर.

"अगं, त्यांना निदान कोपऱ्यापर्यंत तरी जाऊ दे," थोरली हसायची.

नवरा गेला तो गोदामात, लाकडांची थप्पी अंगावर कोसळून. ओळख पटवायला थोरलीला सरकारी दवाखान्याच्या मागे, शवागारात बोलावलं होतं. तिथे रबरी एप्रन घातलेला एक उंच, पाठीत वाकलेला माणूस उभा होता. त्याने चादर ओढायची घाई केली नाही. आधी म्हणाला, "बाई, इकडून या. पलीकडून बघू नका." नवऱ्याची चेपलेली बाजू त्याने भिंतीकडे करून ठेवली होती, चेहरा धुतला होता, केससुद्धा विंचरले होते. फक्त भांग भलत्याच बाजूला पडला होता. थोरलीच्या तोंडून तेवढंच निघालं. त्या माणसाने खिशातून कंगवा काढला, नळाखाली ओला केला आणि ती सांगेल तसा भांग पाडून दिला. पुढे तिला धीर द्यायला पुष्कळ लोक आले, पुष्कळ बोलले. तिच्या लक्षात राहिला तो कंगवा.

गल्लीत या माणसाला बर्फवाला म्हणत. मुडदे बर्फात ठेवतो, म्हणून बर्फवाला. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. न्हावी त्याला दुकान बंद करायच्या वेळी यायला सांगायचा. कुणाच्या घरी माणूस गेलं की त्याच्याच हातापाया पडायचे, आणि काम झालं की त्याच हाताकडे बघून नाक मुरडायचे. सगळ्यांनाच शेवटी त्याच्या हाती जायचं होतं, हे मात्र कुणी बोलून दाखवत नव्हतं.

हा बर्फवाला रविवारी चर्चच्या खिडकीखाली उभा राहून गाणी ऐकायचा. धाकटीने त्याला आधी पाहिलं आणि बहिणीला कोपराने ढोसलं. थोरली गाणं अर्धवट टाकून बाहेर गेली.

"भाऊ, आत या."

"नको बाई. अंगाला वास येतो माझ्या."

"सगळ्यांच्याच येतो. कुणी अत्तर लावतं, एवढंच."

तो आला. शेवटच्या बाकावर बसला, आणि तो बाक बघता बघता मोकळा झाला. धाकटी घरी येईपर्यंत फुणफुणत होती. थोरली म्हणाली, "ज्यांना कुणी शिवत नव्हतं, त्यांना येशूने हात लावला, हे तू लहानपणापासून ऐकतेस ना? मग आता काय झालं?" धाकटी म्हणाली, "तो येशू होता, ताई. मला हात धुवावे लागतात."

वर्षभराने चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याला बाप्तिस्मा दिला. पाळकसाहेब मनाने चांगले, फक्त कुणी काही बोललं की त्यांची मान आपोआप डोलायची. बाप्तिस्म्यानंतर तो प्रभुभोजनाला येऊ लागला. तिथे सगळ्यांना मिळून द्राक्षरसाचा चांदीचा एकच प्याला. माणसं रांगेने पुढे जात, एकेक घोट घेत, पाळकसाहेब पांढऱ्या फडक्याने कड पुसत आणि प्याला पुढच्याच्या ओठांना लावत. बर्फवाला कुणी न सांगताच सगळ्यांच्या शेवटी उभा राहायचा. त्याच्या मागे नुसती भिंत.

एकदा पायरीवर चप्पल घालताना तो थोरलीला म्हणाला, "बाई, एक विचारू? माझ्यानंतर पिणारं कधी कुणी असेल का हो?"

त्यात तक्रार नव्हती, म्हणून तर ते तिला जास्त लागलं. "पुढच्या वेळी आहे की," ती म्हणाली.

पुढच्या वेळी ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. चर्चमध्ये खोकलासुद्धा ऐकू येईना. त्याने घोट घेतला. पाळकसाहेबांनी कड पुसली, जरा जास्तच वेळ पुसली, आणि मग थोरली प्याली. परतताना त्याचे डोळे भरून आले होते. थोरलीलाही रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

मग व्हायचं ते झालं. बायकांना अचानक दुसऱ्या शिंपिणी सापडल्या. ज्यांचे लग्नाचे कपडे थोरलीने शिवले होते, त्यांनी पोरींचे मात्र दुसरीकडे टाकले. हे तिने मनावर घेतलं नाही. मनाला लागलं ते घरातलं. एका सकाळी तिच्या चहाच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधलेला होता.

"राग मानू नकोस, ताई," धाकटी खाली बघत म्हणाली. "किळस येते मला. मी तरी काय करू?"

थोरलीने त्या कपातून चहा घेतला आणि मशीनवर जाऊन बसली. धाग्याला गाठ बसली तरी तिला बराच वेळ कळलं नाही. इतकी वर्षं दोघींनी एकमेकींचं उष्टं खाल्लं होतं.

चर्चच्या कमिटीने तर त्याहून साळसूद तोड काढली. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाला दुखावलं नाही. एकमेकांना आरोग्याच्या चार गोष्टी सांगितल्या, आणि पुढच्या प्रभुभोजनाला एका तबकात काचेच्या छोट्या छोट्या पेल्या आल्या. ज्याची त्याला. चांदीचा प्याला कपाटात गेला. देवाच्या घरातून आवाज न करता माणसाला बाहेर काढायचं असेल तर याहून सभ्य रीत सापडायची नाही. पाळकसाहेबांची मान अर्थातच डोलली होती.

बर्फवाला बोटाएवढी पेली हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. नंतर पायरीवर म्हणाला, "बरं झालं बाई. आता कुणाला त्रास नाही."

"आणि तुम्हाला?"

"माझं काय? मी समजलो." तो हसला. "आता कुणाच्या आधी नाही, कुणाच्या नंतर नाही."

त्यानंतर तो थोडे रविवार आला, मग यायचा थांबला. आयुष्यभर अंगावर घेतलेला गारवा छातीत उतरला होता. दवाखान्यामागच्या जिन्यावर त्याची खोली होती. थोरली पेज घेऊन जायची. खोलीत खाट, स्टोव्ह, खुंटीवर एप्रन आणि खिडकीत तो कंगवा. त्याला बोलायला दम पुरत नव्हता. एकच मागितलं त्याने: "त्या जुन्या प्याल्यातून मिळेल का? सगळ्यांचा होता तो."

थोरली तडक पाळकसाहेबांकडे गेली. ते किल्ल्यांशी चाळा करत म्हणाले, "कमिटीला विचारायला हवं."

"विचारा. आणि तोवर तो थांबेल का, तेही त्यांनाच विचारा."

पाळकसाहेब लाल झाले. मग त्यांनीच कपाट उघडलं. प्याला काळा पडला होता. त्यांनी तो स्वतःच्या बाहीने घासला.

संध्याकाळ होत आली होती. थोरलीला अंधुक उजेडात जिना दिसत नसे, म्हणून धाकटी सोबत आली, वाटभर कुरकुरत आली. दारातच थांबली आणि नाकाला रुमाल लावला.

प्रार्थना झाली. पाळकसाहेब प्याले आणि त्यांनी प्याला बर्फवाल्याच्या ओठांना लावला. घोट काही घशाखाली गेला नाही, ओठ तेवढे ओले झाले. मग थोरली प्याली. तळाशी थोडा द्राक्षरस उरला. तो फेकायचा नसतो, कुणीतरी प्यायचा असतो. पाळकसाहेब दाराकडे वळले आणि प्याला पुढे धरून उभे राहिले. या खेपेला त्यांची मान हलली नाही.

बर्फवाला उशीवरून धाकटीकडे बघत होता. थोरलीही बघत होती. तिच्या मनात एवढंच चाललं होतं, की अगं, ये. एकदा ये.

धाकटी जागची हलेना.

"राहू द्या," बर्फवाला म्हणाला. "त्यांना... त्रास नको."

खोलीत त्याच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग धाकटीने रुमालाची घडी घातली, पुढे आली, दोन्ही हातांनी प्याला घेतला. पाळकसाहेब कड पुसायला गेले तर तिने पुसू दिली नाही. प्याला उपडा करून शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

थोरली आनंदाने खाटेकडे वळली. त्याचे डोळे मिटले होते. घरघर थांबली होती; धाकटीने प्याला हातात घेतला तेव्हाच थांबली होती, हे तिला आता उमगलं.

त्याला धुवायचं कुणी, हा प्रश्नच आला नाही. थोरलीने पाणी तापवलं, चेहरा पुसला, खिडकीतला कंगवा घेतला आणि तिचा हात थबकला. भांग कुठल्या बाजूला पाडायचा? त्याच्या मागे उभी राहिली, पेज घेऊन आली आणि एवढं तिला ठाऊक नव्हतं.

"डावीकडे," धाकटी मागून म्हणाली. "मी बघायचे ना त्याच्याकडे. कुठे बसतोय, कशाला हात लावतोय, ते." आणि भिंतीला टेकून ती हुंदके देऊन रडायला लागली.

जिना उतरताना तिने बहिणीचा हात धरला होता. अर्ध्यावर थांबून विचारलं, "ताई, त्याने पाहिलं का गं? मी प्यायले ते?"

थोरलीला वाटलं, हो म्हणावं. जिभेवर आलंही होतं. पण या बहिणीशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"नाही गं," ती म्हणाली.

सकाळी थोरली उठली तेव्हा चहा झालेला होता. धाकटी तिच्याकडे पाठ करून बसली होती, आणि लाल दोऱ्याच्या कपातून पीत होती.