समुद्रात सोडायची नळी

नळीतून काढलेला टीपकागद ओला निघाला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शामराव मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं उभे होतो. समोर त्यांनी बनवलेली स्टीलची लांब नळी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी जहाजावर लॉगिंग करायचो. म्हणजे समुद्रतळाच्या गाळात भोक पाडायचं, केबलला बांधून उपकरणं आत सोडायची आणि वर ओढताना थराथराची नोंद घ्यायची. इथं चिखल, इथं वाळू. तेलाचा प्लॅटफॉर्म उभा करायचा तर त्याचे पाय कशात रुतणार, हे आधी कळायला नको? ती उपकरणं असल्या नळीत बसवतात. आत पाण्याचा थेंब गेला की खेळ खलास. आमची जुनी नळी खराब झालेली, परदेशातून नवी यायला महिने लागणार. "आमच्या कोल्हापुरात करून आणतो," असं मीच मुंबईच्या आमच्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलेलं. जहाज परवा मुंबईहून सुटणार होतं.

म्हणून नळीत कोरडा टीपकागद घातला, दोन्ही तोंडं टोपणं लावून बंद केली, जाड बंद टाकीत ठेवून हातपंपानं बाहेरून पाण्याचा दाब दिला. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढला आणि हळूहळू उतरला. पाणी आत शिरलं होतं.

मुंबईला ट्रंक कॉल लावला. साहेब कडाडले, "नळी नसेल तर ट्रिप कॅन्सल. आणि पुढच्या ट्रिपला तू नाहीस!"

फोन करून वर्कशॉपमध्ये परत आलो आणि नळीचं तोंड उजेडाकडे धरलं. टोपणाची रबरी रिंग जिथं टेकते, तिथं आतून बारीक तिरक्या रेघांची जाळी होती.

"मिस्त्री, ह्या रेघा कसल्या?"

"होनिंग हाय ते! मुद्दाम पाडलेल्या रेघा. इंजिनात पिस्टन ज्या नळीत वरखाली हुतोय, त्या लायनरला करतोय तसंच. रेघांत तेल धरून ऱ्हातंय. गावचा माणूस म्हणून तुमचं जादा झ्याक केलंय की!"

"अहो, तेल धरायचं नाही, पाणी अडवायचंय! रबराखालून त्याच रेघांतनं येतंय ते!"

शामरावांचा चेहरा पडला. "आयला," एवढंच म्हणाले.

उपाय एकच. नळी लेथवर फिरवून रेघा घासून काढायच्या. पण जास्त घासलं तर भोक मोठं, रिंग सैल आणि नळी भंगारात. थोडं घासायचं, थांबायचं, मोजायचं.

"बास करा आता. भोक मापाच्या टोकाला आलंय."

"एक रेघ हाय अजून. सोडली तर तिथनंच येणार न्हवं पाणी?"

"आणि रिंग सैल झाली म्हणजे?"

"मग घाला मला शिव्या."

मी "घासा" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पुन्हा टाकी, पुन्हा दाब. काटा चढला.

"हलला का हो?"

"न्हाय. तुमचाच हात हलतोय गेजवर. काढा तो!"

काटा जागचा हलला नाही. टीपकागद बाहेर काढला तर पापडासारखा कोरडा. मी शामरावांना मिठीच मारली. ते ओरडले, "पाणी भाईर ठेवायचं हाय, हे आधी सांगायचं न्हाय व्हय पावणं?"

जहाज वेळेवर सुटलं आणि मी त्यावर होतो. ट्रिपभर नळीत थेंब शिरला नाही. साहेबांनी शाबासकी दिली नाही, आणखी दोन नळ्यांची ऑर्डर दिली.

कुशल माणसाला नुसतं माप देऊ नये, वस्तू कशासाठी हवी तेही सांगावं. नाहीतर तो आपलं सगळ्यात चांगलं काम करून ठेवतो, आणि नेमकं तेच गळतं.