देविदासभाऊ आणि ब्रेक ऑइल

देविदासभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने घाटंजीजवळच्या तांड्यावरून केला. "बापू गेले," एवढंच तो म्हणाला. त्याला आता महिना झाला.

जुन्या मोटारींच्या ब्रेकचं काम करणारे ते यवतमाळातले जाणते मिस्त्री. माझ्या वडिलांची साठ वर्षांची मोटार त्यांच्याच हाती असे. जुन्या गाडीला कोणतं ब्रेक ऑइल चालेल, हे ते डब्यावर वाचून ठरवत नसत. गाडीतल्या रबराची एक वायसर त्या ऑइलमध्ये आठ दिवस बुडवून ठेवत. ती फुगली की ऑइल बाद. मी वर्तमानपत्रातला, मला घाई असे. "भाऊ, हा काय तुमचा पेपर आहे, रात्री छापला न सकायी वाटला?" ते म्हणत. "बसा, चहा घ्या. रबराले बोलू द्या."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी ब्रेकची सगळी रबरं बदलून, पारखलेलं ऑइल भरून गाडी दिली. पुढे नेरला चुलतभावाच्या शेतावर गेलो असताना ऑइल कमी दिसलं. भावाने ट्रॅक्टरच्या ब्रेकचं तेल पुढे केलं. "आमच्या एवढ्या धुडाले चालते, तुह्या डबड्याले काय होते?" मी ओतलं. पंधरा दिवसांनी कळंबच्या रस्त्यावर पेडल सरळ खाली गेलं... कडेला उभ्या असलेल्या एका गृहस्थांचा पाय मोडला.

देविदासभाऊंनी माझ्यासमोर ब्रेक उघडले. रबरं फुगून मऊ झाली होती.

"भाऊ, यात दुसरं काही टाकलं होतं काय?"

"नाही," मी म्हणालो. पोलिसांत जबाब व्हायचा होता.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. गावात मात्र मिस्त्रीनेच काम बिघडवलं, असं झालं. जुन्या गाड्यांचे मालक एकेक करून नागपूरला जाऊ लागले. शेवटच्या वर्षी ते पंक्चर काढत होते. मी जात असे. चहा होई, ब्रेकचा विषय निघत नसे.

गेल्या आठवड्यात तांड्यावर जाऊन त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं. खाटेवर बसून त्या त्यांचे खाकी शर्ट घडी करत होत्या. धुऊनही बाह्यांवरचे डाग गेले नव्हते.

"मले सांगून आता काय होते, भाऊ?" पुढचा शर्ट हातात घेत त्या म्हणाल्या. "ज्याईनं गाड्या नेल्या, त्याईले सांगा."

पाय मोडलेल्या गृहस्थांना काल भेटून सांगितलं. गाड्या नेणारे बरेच जण आमच्या पेपरची ही पुरवणी वाचतात. कळंबच्या रस्त्यावर ब्रेक गेले, ते मी ओतलेल्या तेलाने. देविदासभाऊंच्या कामात चूक नव्हती.