टाकी आमच्या दारात होती

निवडणुका लांबल्या आणि सरकारने एका मोठ्या शहराचा कारभार माझ्याकडे दिला. मी मूळचा रहिमतपूरचा, आयुष्यभर अर्थशास्त्रात रमलेला. गावाकडचे मला ‘नेमलेला महापौर’ म्हणत आणि मला ते आवडायचं.

माझ्या कारकिर्दीतली एकच गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली: पाणी आधी शहराच्या टोकाला द्यायचं. त्यावर मी पुढे कितीतरी व्याख्यानं दिली, जड जड शब्द वापरले. हा विचार मला सुचला असंच सगळे समजले. मीही समजू दिलं. ते अजून टोचतं.

बायको दुष्काळी माण तालुक्यातली. तिच्या माहेरच्या वस्तीवर रीत अशी, की ज्याच्या दारात टँकर थांबतो त्याने शेवटी भरायचं. आम्हाला मिळालेल्या बंगल्याच्या कुंपणापलीकडेच पाण्याची मोठी टाकी होती. पहिल्याच सकाळी न्हाणीघरातला नळ कोरडा. बाईसाहेबांनी बंगल्याच्या पाण्याची बाहेरची चावीच बंद केली होती!

“आवं, टाकी आपल्या दारात हाय. आधी लोकांचं भरू द्या.”

“अगं, हे शहर आहे. इथं रांग संपत नाही.”

“मग शेवटचा कोन, ते तरी बघून या.”

तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकून मी चिडून ऑफिसला गेलो. शेवटचा कोण, हे पाणीखात्यात विचारलं तर प्रत्येकाने वेगळीच वस्ती सांगितली. घरी आलो की दारातच प्रश्न, “भरलं का शेवटच्याचं?” शेवटी रविवारी तिला गाडीत घालून मीच निघालो. विचारत विचारत एका टेकडीवरच्या गल्लीत पोचलो. तिथल्या म्हातारीला नळाचं विचारलं तर ती खदखदून हसली.

“नळ व्हय? हाय की. टॉवेल अडकवायला लय बरा पडतोय!”

त्याच आठवड्यात मी पाण्याच्या वेळा उलट्या केल्या. शिव्या खाल्ल्या, पण टेकडीवर पाणी चढलं. त्या दिवशी तिने आमची चावी उघडली. वर्तमानपत्रात ‘अर्थतज्ज्ञाचा धाडसी प्रयोग’ म्हणून माझा फोटो आला. तिने तो कागद फडताळात डब्यांखाली अंथरला.

गेल्या महिन्यात साताऱ्यात माझा सत्कार झाला. भाषण खिशातच ठेवलं आणि टाकी, चावी, टॉवेल, सगळं सांगून टाकलं. “हा सत्कार हिचा आहे,” म्हणालो. सभागृह हसत होतं, टाळ्या वाजवत होतं. मागून कोणीतरी ओरडलं, “वहिनी, तुमी बोला की!”

ती पदर सावरत वर आली. माईक हातात घेतला.

“खरं बोलायला एवढी वर्सं लावली ह्यांनी. आमच्याकडं टँकर बी एवढा उशीर करत न्हाई.”

आयोजकांनी शाल एकच आणली होती. ती तिने खांद्यावर घेतली. नारळ तेवढा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “धरा. घरी गेल्यावर फोडायचाय.”