जाळी नही व्हती

डबा उघडला की तो आधी डोळे मिटायचा. आमचा कापसाचा जिन धुळ्याच्या बाहेर, आग्रा रोडला लागून. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, आणि त्यातली चार-पाच मिनिटं हा माणूस मान खाली घालून पुटपुटण्यात घालवी. तेवढ्यात कुणीतरी त्याची भाकरी पळवायचं. एकदा भाकरीच्या जागी रुईचा बोळा ठेवला, वर ठेचा तसाच. त्याने डोळे उघडले, बोळ्याकडे पाहिलं आणि हसला.

"ज्यानी लिधी, त्याले मन्हापेक्षा जास्ती भूक व्हयी."

आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवशी भाकरी मी घेतली होती. मला भूक नव्हती.

तो जिनातला तेलवाला. कपाशीतून सरकी वेगळी करणारे रेचे ओळीने चालायचे, खालून लांबलचक दांडा आणि पट्टे फिरायचे. हातात तेलाची बुधली घेऊन हा दिवसभर त्यांच्यामधून वाकून हिंडायचा. गाव साक्रीच्या पलीकडे, डोंगरात. मिशनच्या शाळेत अक्षरं शिकलेला. खिशात काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक, त्याची पानं तेलाने पारदर्शक झालेली. मी हजेरी बाबू, म्हणून माझ्या टेबलाशी तो हमखास थांबायचा.

"भाऊ, एक गोट सांगू का?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना झालेला आनंद त्यांच्याच्याने एकट्याने सांभाळवत नाही. त्याची गोष्ट बहुधा येशूची असायची, पण येशू साक्रीच्या डोंगरात बकऱ्या चारत असायचा आणि हरवलेल्या एका बकरीसाठी काट्यांतून अनवाणी फिरायचा. सांगता सांगता याचेच डोळे भरून यायचे. मुकादमाला, हमालांना, शेठच्या ड्रायव्हरला, कुणालाही तो सोडायचा नाही. मुकादम एकदा म्हणाला, "तुझ्या देवाला सांग, माझा पट्टा तुटू देऊ नको म्हणावं."

हा गंभीरपणे म्हणाला, "सांगस ना. पन तेल बी टाकस."

एका हमालाला हगवण लागली. बिऱ्हाडात एकटाच होता. याने पाच दिवस त्याचं सगळं काढलं, चादरी नदीवर नेऊन धुतल्या. हमाल बरा होऊन कामावर आला आणि त्याच आठवड्यात भाकरी पळवणाऱ्यांत सामील झाला. "त्याच्या हातचं पाणी प्यालो, आता बाटलो की काय बघा," असं म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं. हाही हसला.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा तो शेवटचा चांगला हंगाम. कपाशीच्या गाड्या फाटकाबाहेर रांग लावून उभ्या. पट्ट्यावरच्या लोखंडी जाळीत रुई अडकायची, ती साफ करायला रेचे थांबवावे लागत. मॅनेजर म्हणाले, काढून टाका जाळी. काढली. हा तीनदा त्यांच्याकडे गेला. "साहेब, बायास्ना पदर लोंबतस." तिसऱ्या वेळी मॅनेजरांनी त्याला केबिनमधून बाहेर काढलं.

पंधरा दिवसांनी रेच्यावर कपाशी टाकणाऱ्या एका बाईचा पदर पट्ट्यात गेला, पदरामागून हात गेला. ती ओरडली ते रेच्यांच्या आवाजात कुणाला ऐकूच आलं नाही. यानेच पाहिलं. धावत जाऊन इंजिन बंद करायला लावलं, तिला सोडवलं, स्वतःच्या धोतराने हात बांधला. सरकारी दवाखान्यात तो हात कोपरापासून काढला.

संध्याकाळच्या आत जाळी पुन्हा बसवली गेली. मग मॅनेजरांनी मला जबाब लिहायला बसवलं. जाळी जागेवर होती, सदर बाईने साफसफाईसाठी ती स्वतः सरकवली, वगैरे. माझं अक्षर चांगलं होतं. एकेक जण आला, सही किंवा अंगठा करून गेला. हा आला आणि कागद उचलून ओठ हलवत सबंध वाचू लागला. बाकी कुणी वाचला नव्हता.

"भाऊ, हाई तुम्ही लिखं?"

"हो."

"जाळी व्हती?"

मी दौतीत टाक बुडवत राहिलो. "बाबा, तुला काय करायचंय? सगळ्यांनी केली सही. तुला बायको आहे, घर आहे."

"जाळी नही व्हती," तो म्हणाला आणि कागद अगदी हळू टेबलावर ठेवला. त्याच्या बोटांचे तेलाचे डाग पडले, म्हणून मला तो जबाब पुन्हा उतरवावा लागला. त्याचाच मला जास्त राग आला.

फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. याने सरळ सांगितलं. मग दवाखान्यातून त्या बाईला आणलं. तिच्या नवऱ्याला फाटकावर वॉचमनची नोकरी कबूल झाली होती. ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "जाळी मीच सरकवली." इन्स्पेक्टरांनी याच्याकडे पाहिलं. हा तिच्याकडे पाहत होता. रोज तो दवाखान्यात तिच्या खाटेशी जाऊन प्रार्थना करायचा. तेच आता कामाला आलं. बाईला बाटवण्यासाठी तिचे कान भरतो, कामगारांना धर्माचा त्रास देतो, असा एक अर्ज इन्स्पेक्टरांपुढे ठेवला गेला. तोही माझ्याच अक्षरात होता. खाली एकवीस सह्या होत्या आणि पहिली त्या हमालाची.

त्याला त्याच दिवशी काढलं. धुळ्यातल्या दुसऱ्या कुठल्याही जिनाने त्याला दारात उभं केलं नाही.

तरी तो जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी यायचा. "भाऊ, एक गोट सांगू का?" असं गजांतून म्हणायचा. भांडायला आला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. मॅनेजरांनी वॉचमनला, म्हणजे त्या बाईच्याच नवऱ्याला, हुकूम दिला. आम्ही डबे घेऊन पाहत होतो. पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी कानावर. तो खाली बसला. कानातून रक्त येत होतं. त्याने वर पाहून विचारलं, "बाईना हात आते कसा शे? ठणकस का?"

वॉचमनने काठी टाकली नाही. तिसरी मारली. यावेळी जास्त जोरात.

त्यानंतर तो आला नाही.

दुष्काळ सरल्यावर दोन-तीन वर्षांनी जिनाच्या कामासाठी मी साक्रीला गेलो होतो. आठवड्याचा बाजार होता. सीताफळांच्या पाटीमागे त्याची बायको दिसली. जिनात कधीतरी डबा घेऊन आलेली मी पाहिली होती. तिने मला आधी ओळखलं.

"हजेरी बाबू ना तुम्ही?"

मी त्याच्याबद्दल विचारलं. दुष्काळी कामावर तो खडी फोडायला गेला होता. एका कानाने काहीच ऐकू येत नव्हतं. मागून ट्रक आला, लोक ओरडले, त्याला कळलं नाही.

तीच पुढे बोलू लागली. "रोज सकाळी प्रार्थनेत तो तुम्हा बठ्ठास्नं नाव घ्यायचा. मॅनेजरचं, वॉचमनचं, त्या बाईचं. तुमचं तर आधी. माले सांगायचा, मी नसलो तर तू घेत जा."

मी म्हणालो, "मग... घेता तुम्ही?"

तिने एक पिकलेलं सीताफळ बोटाने दाबून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

"नही," ती म्हणाली. "मी नही घेत."

आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तिने पुढे बोलावलं.