मारुतीपुढचा रोडगा

रक्तातली साखर काठावर आली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि आमच्या अमरावतीच्या घरात माझ्या ताटावर बायकोचं राज्य सुरू झालं. भात बंद, गोड बंद, तेल नावापुरतं. सकाळी कोपऱ्यावरच्या मैदानात झपझप चालायचं, आल्यावर सूर्यनमस्कार घालायचे. जेवणाआधी पेलाभर पाणी प्यायचं आणि प्रत्येक घास इतका चावायचा की तोंडातच त्याचं पाणी झालं पाहिजे. मी जन्माचा खादाड माणूस. दह्यातल्या गिलावड्याच्या गाडीसमोरून न थांबता पुढे जाणं हाच माझा खरा व्यायाम होता. सुरुवातीला मी घरात सगळ्यांवर खेकसत असे. अर्धी भाकर आणि पालेभाजी समोर आली की वाटायचं, ही बाई कुठल्या जन्मीचा सूड उगवते आहे.

मग काटा हलला. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडावं लागलं. ऑफिसात लोक विचारायला लागले, साहेब, काय करता? मीही फुशारकीनं सांगायचो. चुकून चतकोर भाकर जास्त खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी काटा वर सरकला, की दिवसभर माझं डोकं फिरलेलं असायचं. एवढा जीव मी परीक्षेतही कधी ओतला नव्हता.

पोट गेलं तसे गालही गेले, आणि एके सकाळी दाढी करताना आरशात बाबा दिसले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेले. माझ्या आठवणीत ते दोन आहेत. एक गोल पोटाचे, पंगतीत वाढप्याला हाक मारून परत बोलावणारे. दुसरे शेवटच्या वर्षातले, गालाची हाडं वर आलेले, मानेवर दोन शिरा ताणलेले. आरशात होते ते दुसरे. मी साबण धड न पुसताच बाहेर आलो. बायकोनं विचारलं तेव्हा ब्लेड बोथट झालं म्हणालो.

त्यानंतर मी त्यांना चुकवू लागलो, पण ते काही जाईनात. घड्याळ मनगटावर सैल झालं होतं, खाली घसरायचं, आणि मी ते कोपरापर्यंत वर सारायचो. असं करताना एकदा हात मध्येच थांबला. ही सवय माझी नव्हती. शेवटच्या वर्षात बाबा दिवसभर हेच करत असत.

आई अकोल्यात एकटी राहते. कितीदा म्हटलं तरी ती जागा सोडत नाही. एका शनिवारी बडनेऱ्याहून गाडी धरून तिच्याकडे गेलो. भर दुपारची वेळ, ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी फाटक उघडलं. तिनं मान वर केली आणि चटकन पदर डोक्यावर ओढून घेतला. बाबा बाहेरून आले की ती असाच पदर घ्यायची. पुढच्या क्षणाला तिला मी ओळखू आलो. तिनं पदर खाली टाकला आणि माझ्यावरच चिडली.

"काहून रे असा वाळून राहिला?"

"डाएट करून राहिलो माय. पोट वाढलं होतं. डॉक्टरनं जेवन कमी कराले सांगतलं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "असंच म्हनत होते," ती म्हणाली.

कोण, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्हा दोघांना ठाऊक होतं. बाबांनीही पहिले कितीतरी दिवस हेच सांगितलं होतं: पोट वाढलंय, जेवण कमी केलंय. रोज सकाळी फिरायलाही जायचे. दुखणं आहे हे आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

जेवताना तिनं आग्रह केला नाही. आग्रह न करणारी आई मी पहिल्यांदाच पाहिली. ती नुसती माझ्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, सगळ्या तपासण्या करून घेतल्यात, साखर उतरली आहे, डॉक्टर खूश आहेत. ती हो म्हणाली. तिचा माझ्या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. "रविवारी ये. मारुतीले रोडगे बोलली मी तुह्यासाठी."

माझा पारा चढला. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, फोडायचा आणि तुपात बुडवायचा. माझी सगळी मेहनत एका बैठकीत पाण्यात. शिवाय रोडग्यांचा नवस पुरा झाल्यावर फेडतात.

"नवस पुरा व्हायच्या आंधीच रोडगे?" मी विचारलं.

"तू ये," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

अकोल्याबाहेर शेतांच्या कडेला तो मारुती आहे. लहानपणापासून आमचे रोडगे तिथेच. शेजारच्या काकू मदतीला आल्या होत्या. वांग्याची भाजी झाली होती, निखाऱ्यातून रोडगे काढून आई फडक्यानं राख झटकत होती. नैवेद्य दाखवला आणि पहिला रोडगा माझ्या पत्रावळीवर आला.

"माय, अर्धाच दे. अन् तूप नोको."

तिचा हात थांबला. तिनं रोडगा मोडला, अर्धा परत घेतला. मी ठरल्याप्रमाणे आधी पाणी प्यायलो. पहिला घास सावकाश, अगदी बारीक चावत बसलो. इतक्यात ऑफिसातून फोन आला. देवळापुढं कोणीतरी घंटा वाजवत होतं म्हणून मी उठून मागच्या बाजूला गेलो. बोलणं संपवून वळलो तर आई उभी. हात राखेनं आणि तुपानं माखलेले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या पायांजवळच्या जमिनीवर काहीतरी शोधत होती.

"काय पाहून राहिली माय?"

"थुकला नाई नं तू?"

मला काही कळेना. मग ती तिथेच भिंतीला हात लावून खाली बसली आणि बोलायला लागली.

"तुह्या बाबासाठीबी रोडगे केले होते मी. इथंच. त्यायची तब्बेत पाहून मले कसंतरी वाटे. एकेका घासाले पानी पेत होते. मंग हात धुतो म्हनून उठले. मी मांगून आली, तं इथं सारं टाकून देल्लं होतं त्यायनं. पायानं माती लोटून राहिले होते. मले पाह्यलं. म्हने, घास उतरत नाई, पन पोरायले सांगू नोको." तिनं हातावरची राख पदराला पुसली. "नाई सांगतलं मी. तेवढं ऐकलं त्यायचं."

इतकी वर्षं ती हे घेऊन एकटी त्या घरात राहत होती. मला तिचा राग यायला हवा होता, निदान थोडा तरी. आला नाही. फक्त भीती वाटली, आणि तिची फार दया आली. हा नवस नव्हताच. तिला माझा गळा बघायचा होता.

मी तिला धरून पुढे आणलं, पत्रावळीसमोर बसलो. उरलेला अर्धा रोडगाही मागून घेतला, तूप घालायला लावलं आणि पूर्वीसारखे मोठमोठे घास घेत खायला लागलो. पाण्याला हात लावला नाही. आई समोर बसून होती. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, गळ्यावर होती. प्रत्येक घासाबरोबर तिचाही गळा हलत होता. मी बोटं चाटली तेव्हा कुठे तिनं स्वतःची पत्रावळ पुढे ओढली.

ती जेवली, पण तिच्या मनातली ती भीती मी माझ्याबरोबर अमरावतीला घेऊन आलो. दुसऱ्याच दिवशी मोबाईलचा टॉर्च लावून मी आरशात घसा पाहिला. काय बघायचं असतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. डॉक्टरांना दाखवला तर ते हसले, म्हणाले, काही झालेलं नाही, तुमच्यासारखा पेशंट लाखात एक. तरीही घास खाली जाताना माझं सगळं लक्ष तिकडेच जातं. आता कितीतरी दिवस काटा एकाच जागी अडून बसला आहे. बायको वैतागली आहे, रोजचं चालणं वाढवा म्हणते. मीही वरवर कुरकुर करतो. आत मात्र बरं वाटतं की आज वजन आणखी कमी झालं नाही.

आईचा फोन आता दुपारी जेवणाच्या वेळीच येतो. वजन ती विचारत नाही. म्हणते, "बोलू नोको, जेव." मी फोन कानाशी धरून जेवतो आणि ती पलीकडे ऐकत राहते. मध्येच विचारते, "उतरते नं घास?" मी हो म्हणतो.

परवा ज्वारीची भाकर जरा कोरडी होती. घास मध्येच अडला आणि मला ठसका लागला. पलीकडे एकदम काही आवाज येईना. तिचा श्वाससुद्धा ऐकू येईना. बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला. मी मानेनंच नको म्हटलं.

"उतरला माय," मी म्हणालो, आणि पाणी न पिताच दुसरा घास तोंडात घातला.